पेनल्टीचा ठिपका तेरा यार्डांवर

"तेरा?" फिओनाने फोनवर विचारलं. "वैशाली, तुझ्याकडे पण तेराच दिसतंय, की माझे डोळे गेले?"

माझ्याकडेही तेराच दिसत होतं.

फुटबॉलच्या मैदानात गोलसमोर एक पांढरा ठिपका असतो. पेनल्टी किक तिथून मारतात. तो ठिपका गोलपासून बारा यार्डांवर असतो. यार्ड म्हणजे तीन फूट. आमच्या सॉफ्टवेअरने त्या ठिपक्यावर बोट ठेवून मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गोलपासून अंतर: १३ यार्ड'.

"इंग्लंडमध्ये सहा वर्षांच्या पोरालाही हे बारा आहेत ते ठाऊक असतं," फिओना म्हणाली. "हे आम्ही टीव्हीवर दाखवलं तर लोक आठवडाभर हसतील."

फिओना लंडनच्या एका टीव्ही चॅनेलमध्ये प्रोड्यूसर होती. मी न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या एका वीस माणसांच्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर होते. वर्ष २००५. आमचं काम म्हणजे टीव्हीवरच्या मॅचवर रेषा, वर्तुळं आणि अंतरं काढणं. मैदानावर प्रत्यक्ष काहीच नसतं, पण घरी बसून बघणाऱ्याला वाटतं की गवतावरच रंगवलंय. अमेरिकन फुटबॉलसाठी आमचं सॉफ्टवेअर दोन वर्षं नीट चालत होतं. आता फिओनाच्या चॅनेलला ते इंग्लिश फुटबॉलसाठी हवं होतं. अमेरिकेत ज्याला सॉकर म्हणतात, ते.

तिने तीन स्टेडियममधल्या मॅचच्या टेप पाठवल्या होत्या. पुढच्या शुक्रवारी तिच्या वरिष्ठांसमोर डेमो होता. तो बुधवार होता.

आमचा बॉस रिक माझ्या मागे उभा राहून सगळं ऐकत होता. फोन ठेवल्यावर त्याने एवढंच विचारलं, "नऊ दिवस पुरतील?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? हे काम गेलं तर कंपनीकडे हिवाळ्यानंतरचं काही नव्हतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यात माझं ग्रीन कार्ड याच कंपनीतर्फे चाललेलं. कंपनी बंद पडली तर ती सगळी रांग पुन्हा पहिल्यापासून.

पहिला संशय सुधीरने घेतला. सुधीर नागपूरचा, आमचा व्हिडिओ इंजिनिअर. "पाल आहे यार, दुसरं काही नाही," तो म्हणाला. पाल म्हणजे इंग्लंडमधली टीव्हीची पद्धत. अमेरिकेतली पद्धत वेगळी. चित्रातल्या आडव्या ओळींची संख्या वेगळी, प्रत्येक पिक्सेलचा आकारही किंचित वेगळा. चित्र थोडं ताणलं गेलं की अंतर चुकणार, हे पटण्यासारखं होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार आम्ही पालच्या मागे घालवले. चित्र ताणून पाहिलं, दाबून पाहिलं. तेराचं बारा काही होईना.

शुक्रवारी संध्याकाळी मी लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आतल्या नोंदी, उघडला. पडद्यावर आम्ही पूर्णांक दाखवत होतो, पण आत सॉफ्टवेअर दशांशासकट हिशोब ठेवायचं. एका स्टेडियमला १२.५. दुसऱ्याला १२.९. तिसऱ्याला १३.१.

"सुधीर, हे बघ," मी म्हटलं. "पालची चूक असती तर तिन्हीकडे सारखी आली असती. टीव्ही तर सगळीकडे तोच आहे."

सुधीरने ते तीन आकडे कागदावर उतरवले. "म्हणजे चूक स्टेडियमप्रमाणे बदलते," तो म्हणाला. "असं कसं होईल?"



शनिवारी माझ्या मुलीची, ईशाची, मॅच होती. आठ वर्षांच्या मुलींची, टाउनच्या पार्कमधली. मी घडीच्या खुर्चीत बसले होते, पण डोक्यात लॉगच चालू होता. हाफ टाइमला ईशा संत्र्याची फोड चोखत आली आणि तक्रार करायला लागली. "मॉम, धिस फील्ड इज सो बिग. आय एम टायर्ड."

"अगं, मागच्या आठवड्यातही एवढंच होतं की."

"नो! दॅट वन वॉज टाइनी. इट्स ऑलवेज डिफरंट, मॉम."

तिने ते अशा सुरात सांगितलं की जणू आकाश निळं असतं हेही मला माहीत नसावं. मी उठले आणि मैदानाच्या कडेने पावलं मोजत चालले. मग शेजारचं मैदान मोजलं. लोक बघत होते. शेजारचं मैदान बारा पावलांनी छोटं होतं.

हे मुलींचं मैदान, टाउनने जेवढं गवत दिलं तेवढ्यात बसवलेलं. पण मोठ्यांचंही तसंच असेल तर? आणि मग मला सॉफ्टवेअरमधली एक ओळ आठवली. ती ओळ मीच लिहिली होती.

अमेरिकन फुटबॉलचं मैदान देशात कुठेही जा, एकाच मापाचं असतं. दोन्ही टोकांचे पट्टे धरून लांबी एकशे वीस यार्ड. त्यामुळे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते माप कायमचं लिहून ठेवलेलं होतं. याला आम्ही हार्डकोड करणं म्हणतो. आकडा विचारायचा नाही, मोजायचा नाही, सरळ ठोकून द्यायचा. ऑपरेटरने पडद्यावर मैदानाच्या चार कोपऱ्यांवर क्लिक करायचं आणि सॉफ्टवेअरने मानायचं की हे अंतर एकशे वीस. बाकी सगळी अंतरं त्यावरून निघायची. सॉकरसाठी बदल करताना मी जवळच्या एका कॉलेजचं मैदान पाहिलं. तेही निघालं एकशे वीस. मी रुंदी बदलली, लांबी तशीच ठेवली. त्या कॉलेजच्या मैदानावर टेस्टिंग केलं, आणि ठिपका बरोबर बारावर आला.

रविवारभर मी उलटा हिशोब मांडत बसले. चूक किती त्यावरून मैदान खरं किती लांब ते काढायचं. एकशे पंधरा, एकशे बारा, एकशे दहा. तीन स्टेडियम, तीन मापं.

सोमवारी सकाळी रिकच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी लांबी हार्डकोड केली. इंग्लंडमध्ये प्रत्येक मैदान वेगळं आहे."

रिक हा अमेरिकन फुटबॉलवर पोसलेला माणूस. तो माझ्यावर चिडला नाही. त्याला ते खरंच वाटेना. "वेगळं म्हणजे? एकाच लीगमध्ये? एक टीम छोट्या मैदानावर खेळते आणि दुसरी मोठ्या? आणि कोणी केस करत नाही?"

"असं दिसतंय."

तो थोडा वेळ पेन आपटत बसला. मग त्याचा चेहरा खुलला. "सोपं आहे. मोठं स्टेडियम, मोठं मैदान. स्टेडियम किती माणसांचं आहे ते तर सगळीकडे छापलेलं असतं. यादी काढ, त्यावरून लांबी ठरव."

मलाही ते सोपं वाटलं. मी यादी काढली. ती वाचताना अर्धा तास कसा गेला कळलं नाही. पन्नास हजारांच्या वरची काही, वीस-तीस हजारांची कितीतरी, आणि खालच्या डिव्हिजनमध्ये पाच-सहा हजारांची चिमुकली. मी आमची तीन स्टेडियम त्यात शोधली आणि शेजारी मी काढलेली लांबी लिहिली. सगळ्यात मोठ्या स्टेडियमचं मैदान सगळ्यात आखूड होतं. सगळ्यात छोट्या स्टेडियमचं मधलं.

रिकने तो कागद दोनदा वाचला. "हे उलटं लिहिलंयस का?"

"नाही."

"मग कोणाला तरी विचार."

फिओनाने मला तिघांतल्या सगळ्यात छोट्या क्लबच्या ग्राउंड्समनचा, म्हणजे मैदान राखणाऱ्या माणसाचा, नंबर दिला. उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातला क्लब. माणसाचं नाव केन. मंगळवारी आमच्याकडे सकाळचे आठ, त्यांच्याकडे दुपारचा एक. तो काहीतरी खात होता.

मी म्हटलं, "मला तुमच्या मैदानाचं माप हवंय."

"कधीचं?" केनने विचारलं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कधीचं म्हणजे?"

"पाच वर्षांपूर्वीपर्यंतचं, की त्यानंतरचं? आमचा तेव्हाचा मॅनेजर म्हणाला, आपली पोरं हळू पळतात, मैदान अरुंद करा. मग उन्हाळ्यात केलं अरुंद. त्याचा काही उपयोग झाला नाही. त्याला काढला, पण मैदान तसंच राहिलं. आता एकशे बारा लांब, बहात्तर रुंद."

"असं करता येतं?"

"मर्यादेत राहून करता येतं, लव्ह." तिकडे अनोळखी माणसालाही लव्ह म्हणतात हे फिओनाने मला नंतर सांगितलं.

एकशे बारा. माझा उलटा हिशोब बरोबर निघाला होता. मी धीर करून मोठ्या स्टेडियमचं विचारलं. एवढी माणसं बसतात आणि मैदान एवढं आखूड कसं?

केन हसला. "माणसं वर चढवता येतात. एकावर एक स्टँड बांधत जायचं. मैदान कुठे वर चढवणार? ते जुनं ग्राउंड आहे, चारी बाजूंना घरं. माझ्याकडेही एका गोलमागे भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे एका बाईंची कपडे वाळत घालायची दोरी. बॉल गेला की त्याच परत टाकतात."

मी लिहून घेत होते. पण प्रश्न सुटलेला नव्हता. प्रत्येक मॅचआधी प्रत्येक ग्राउंड्समनला फोन करायचा? आणि उद्या कोणी मॅनेजर बदलला तर?

"केन, तुमच्या मैदानात न बदलणारं काय आहे?" मी विचारलं. "जे सगळीकडे सारखंच असतं असं काही?"

"बॉक्स," तो लगेच म्हणाला. "पेनल्टी बॉक्स, गोलसमोरचा चौकोन. अठरा यार्ड पुढे, चव्वेचाळीस रुंद. गोल आठ यार्ड. मधल्या वर्तुळाची त्रिज्या दहा. त्याला कोणी हात लावत नाही. देशातलं कुठलंही मैदान असो, हे मी डोळे मिटून आखीन."

मी त्याचे आभार मानले ते थोडे जास्तच मानले असावेत. तो म्हणाला, "एवढं काय त्यात? तुम्ही विचारलंत, मी सांगितलं."

आता काम सरळ होतं. ऑपरेटरने मैदानाच्या चार कोपऱ्यांवर क्लिक करायचं नाही. पेनल्टी बॉक्सच्या चार कोपऱ्यांवर करायचं. बाहेरून आत मोजण्याऐवजी आतून बाहेर. बुधवारी आणि गुरुवारी मी आणि सुधीरने तो भाग नव्याने लिहिला. गुरुवारी दुपारी पहिली टेप लावली. ठिपका १२.०. दुसरी, १२.०. तिसरीला ११.९ आलं तेव्हा सुधीर म्हणाला, "चालेल यार, पडद्यावर बाराच दिसेल." मी त्याला परत क्लिक करायला लावलं. हात हलला होता. १२.०.

मग सहज म्हणून मी सॉफ्टवेअरला उलट विचारलं, बॉक्सवरून पूर्ण मैदान किती निघतं? केनच्या मैदानाची लांबी एकशे बारा आली. रुंदी मात्र एकाहत्तर. त्याने बहात्तर सांगितली होती.

एका यार्डाचा फरक. डेमो दुसऱ्या दिवशी.  रिक म्हणाला, "एक यार्ड ना? सोड."

"सोडायचं असतं तर मागच्या बुधवारीच सोडलं असतं. तेव्हाही एकच यार्ड होता," मी म्हटलं. 

मी केनला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती, तो घरी निघाला होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, शक्य नाही. मग म्हणाला, थांबा. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. त्याला धाप लागली होती.

"एकाहत्तर यार्ड, वर दोन इंच," तो म्हणाला. "च्यायला."

त्याने नेमका कोणता शब्द वापरला ते मी लिहीत नाही, पण मराठीत हाच होईल.

पाच वर्षांत त्याने रुंदीला फीत लावलीच नव्हती. दर आठवड्याला जुन्या पांढऱ्या रेषेवर नवी रेष मारायची. कडेचं गवत तुडवलं जाऊन चिखल झालेला, म्हणून रेष प्रत्येक वेळी जराशी आत, कोरड्या गवतावर. दोन्ही बाजूंनी मिळून एक यार्ड आत आली होती. गोलच्या बाजूला असं होऊ शकत नाही, कारण गोलचे खांब जमिनीत पक्के असतात.

"तुम्ही हे कुठून मोजलंत?" त्याने विचारलं.

"न्यू जर्सीतून. टेपवरून."

त्याने मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "शनिवारच्या आत दुरुस्त करतो. माझ्या क्लबला सांगू नका."

मी नाही सांगितलं. त्याच्या क्लबचं नाव इथे लिहिलं नाही, ते त्याचसाठी.

शुक्रवारी डेमो झाला. फिओनाच्या वरिष्ठांनी सगळ्यात आधी पेनल्टीच्या ठिपक्यावर क्लिक करायला सांगितलं. बारा आलं. मग त्यांनी मधल्या वर्तुळाचा काठ तपासला. दहा. त्यानंतर ते बाकीचं बघतच राहिले. दोन आठवड्यांनी त्यांनी एका सीझनचं काम दिलं. आमच्यापैकी कोणाची नोकरी गेली नाही.

रिकला रिपोर्ट लागायचा. काय चुकलं, का चुकलं, पुन्हा चुकू नये म्हणून काय करणार. 'का चुकलं' या रकान्यासाठी मी फुटबॉलचे अधिकृत नियम डाउनलोड केले. म्हटलं, संदर्भ द्यावा. फाइल उघडली आणि खुर्चीत मागे टेकून बसले. मग रिकला बोलावलं.

त्याने वाचलं. मैदानाची लांबी अमुक ते अमुक, रुंदी अमुक ते अमुक, म्हणजे ठरलेलं माप नाहीच, फक्त मर्यादा. बॉक्सची आणि गोलची मापं खाली पक्की दिलेली.

"हा कितवा नियम आहे?" त्याने विचारलं.

"पहिला."

रिपोर्टमध्ये मी पालबद्दल एक पान लिहिलं होतं. ते काढून टाकलं आणि 'का चुकलं'च्या पुढे एकच ओळ ठेवली. 'नियम वाचले नव्हते.' रिकने त्यावर सही केली. पुढच्या वर्षी बास्केटबॉलचं काम आलं. कॉलेजच्या कोर्टवर आणि व्यावसायिक कोर्टवर तीन पॉइंटची रेष वेगवेगळ्या अंतरावर असते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी, कोडची एकही ओळ लिहायच्या आधी कळलं. कोणी शाबासकी दिली नाही. काही बिघडलंच नव्हतं.