पोर्ट उघडला, पण आत कोणीच येऊ शकलं नाही

मंडळी, आजची दुपार राउटरशी भांडण्यात गेली.

बाबांना लकवा झाल्यापासून मी अकोल्याची नोकरी सोडून परतवाड्यात घरीच आहे. त्यांना एकटं सोडून कोपऱ्यावरही जाता येत नाही. म्हणून ठरवलं, गेमचा सर्व्हर माझ्याच कॉम्प्युटरवर चालवायचा. अकोल्याचे मित्र रोज खेळायला आत येतील.

राउटरमध्ये शिरून पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरच्यांना आत यायची वाट उघडली. तरी अकोल्याहून मित्राचा, निखिलचा फोन आलाच, "अबे, आत येताच नाही येऊन राहिलं!"

शेवटी इंटरनेटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, साऱ्या गल्लीले मिळून नेटचा एकच पत्ता हाय. तुमाले बाहेर जाता येते, पण बाहेरून कोणाले तुमच्याकडं येता येत नाही."

फोन ठेवताना मनात आलं, मला तर बाहेरही जाता येत नाही.

निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "सर्व्हर मी चालवतो इकडं. तू ये."

संध्याकाळी बाबांना जेवू घालून तासभर खेळलो, खूप हसलो. गेम बंद केला, तर पुन्हा तीच खोली.

घरच्या आजारपणात अडकलेलं इथे कोणी आहे का? तुम्ही बाहेर कसे पडता?