माझ्या हातचा शेंदूर

मला मारुतीचा राग आला होता, हे आधीच सांगून टाकतो. असे अनुभव लिहिताना लोक रागाचा भाग गाळतात आणि थेट कृपेपासून सुरुवात करतात. मला ते जमणार नाही. ज्या देवाला मी वीस वर्षं दर मंगळवारी आणि शनिवारी स्वतःच्या हातानं शेंदूर लावला, त्याच्याशी मी भर देवळात भांडलो आहे, आणि त्याची मला आजही फारशी लाज वाटत नाही.

नोकरीसाठी सांगलीहून भोपाळला आलो तो इथलाच झालो. निवृत्तीनंतर नेहरू नगरात मुलगा, सून अनघा आणि नात सई यांच्यासोबत राहतो. आमच्या गल्लीच्या टोकाला कडुनिंबाखाली मारुतीचं लहानसं देऊळ आहे. इकडे मारुतीला शेंदूर लावणं याला चोला चढवणं म्हणतात. चमेलीच्या तेलात शेंदूर कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, सगळ्या अंगाला सारखा लेप द्यायचा आणि वर चांदीचा वर्ख डकवायचा. कारखान्यात यंत्रं जुळवण्यात माझं आयुष्य गेलेलं, हात स्थिर होता, म्हणून पंडितजींनी ही सेवा माझ्याकडे सोपवली. त्याचा मला गर्व होता, अभिमान वगैरे सोज्वळ शब्द नकोत. घरी येताना वाटीत उरलेला शेंदूर मी घेऊन यायचो. त्याचा टिळा सईच्या कपाळाला लावायचा आणि त्याच हातानं तिला प्रसादाचा लाडू भरवायचा, हा आमचा नेम. हात धुवावा असं मला कधी वाटलंच नाही. देवाच्या अंगाचा शेंदूर मोरीत सोडायचा, हीच कल्पना मला सहन होत नसे.

सई तीन वर्षांची होत आली आणि तिचं पोट दुखायला लागलं. चेहरा पांढरा पडला, जेवण सुटलं. जंताचं औषध झालं, रक्तवाढीचं झालं, गुण काही येईना. मग तिचे शब्द जायला लागले. “आजोबा, चला” म्हणून माझी चप्पल ओढत आणणारी पोर नुसतं बोट दाखवायला लागली. अनघा रात्रंदिवस काळजीत. अशा वेळी माझ्यासारखा माणूस काय करणार? मी नवस बोललो. एकवीस दिवस रोज चोला चढवीन, माझ्या सईला बोलती कर. आठवड्यातून दोनदा घरी येणारा शेंदूर आता रोज यायला लागला, रोज टिळा, रोज माझ्या हातचा लाडू. सई दिवसेंदिवस मलूल होत गेली आणि मी दिवसेंदिवस लेप जाड करत गेलो.

नवसाच्या सोळाव्या दिवशी देवळातून परस्पर मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. अनघा सईला घेऊन तिथे आली होती आणि चिठ्ठीच्या रांगेत उभी होती. सई माझ्या मांडीवर, माझं बोट तोंडात धरून. तान्ही असल्यापासूनची तिची ती सवय. बाकावर शेजारी पन्नाशीचा एक गृहस्थ बसला होता, मनगटापर्यंत हात डागाळलेले. तो बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी हळूच म्हणाला, “मियां, बुरा मत मानिए. ये उंगली बच्ची के मुंह से निकाल लीजिए.”

मी विचारलं, “क्यों?”

“सिंदूर है न? इसमें सीसा होता है. मैंने बरसों पुरानी बैटरियां तोड़ के सीसा गलाया है. मेरी बेटी भी ऐसे ही पेट पकड़ती थी, ऐसे ही चुप हो गई थी. मैं कपड़ों में घर ले जाता था, आप उंगली पे ले जा रहे हैं.”

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या मारुतीच्या शेंदराला हा विष म्हणतो! “ये हमारे हनुमानजी का सिंदूर है, आप अपना काम देखिए,” असं मी इतक्या मोठ्यानं बोललो की रांग वळून बघायला लागली. तो चिडला नाही. उठला, रांगेत अनघाजवळ गेला आणि तिला काहीतरी सांगून निघून गेला. मी त्याचं नावही विचारलं नाही. अनघानं मात्र डॉक्टरीणबाईंपुढे हट्ट धरला, रक्तातलं शिसं तपासा म्हणून.

तपासणीचा कागद आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. “घर में ऐसा क्या है?” त्यांनी विचारलं. अनघा माझ्याकडे वळली. “बाबा, तुम्ही रोज...” एवढंच म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य तिनं आजतागायत पूर्ण केलेलं नाही. त्यापेक्षा तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला कुणावर तरी ओरडायचं होतं. शेंदराचा पुडा घेऊन मी तो विकणाऱ्या दुकानदाराकडे गेलो. पुड्याच्या मागच्या बाजूला, चष्मा लावूनही दिसू नये इतक्या बारीक अक्षरात, ‘केवल पूजा के लिए’ असं छापलेलं होतं. तो गल्ल्यावरून न उठता म्हणाला, “अंकल, खाने को किसने बोला था?” माझा राग आणखी वाढला. पूजा काय हातमोजे घालून करतात? टिळा लावलेल्या घरात लेकरं नसतात? इतकं साधं कुणाला सुचू नये? आणि मला तरी वीस वर्षांत का सुचलं नाही?

सईला काही दिवस दवाखान्यात ठेवलं, मग कॅप्सूल देऊन घरी पाठवलं. हे औषध अंगातल्या शिशाला पकडतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. कॅप्सूल उघडून भुकटी कशात तरी कालवून द्यायची. वास असा, की घरात अंडी कुजलीत असं वाटावं. सई तोंड घट्ट मिटून घ्यायची, पण आवाज काढायची नाही. अनघा गुळांब्यात कालवून एकटीच तिला भरवायची. मी पुढे झालो की वाटी दुसऱ्या हातात घ्यायची. माझ्या हातून माझ्या नातीला घास मिळेनासा झाला होता. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

औषध संपलं तेव्हा शिसं उतरलं होतं. काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर परत चढलेलं. “हड्डियों में छुपा हुआ कुछ वापस आता है, पर इतना नहीं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “घर में अब भी कुछ है. वो नहीं निकला तो दवा बेकार जाएगी.” मी छातीवर हात ठेवून सांगितलं, घरातला पुडा न् पुडा मी काढलाय. हे खरं होतं आणि खोटंही. आमच्या देवघरात, सईच्या हाताला लागेल इतक्या खाली, माझ्या वडिलांनी दिलेला वीतभर मारुती होता. त्याच्यावर वर्षानुवर्षांच्या शेंदराचं जाड कवच. ते खपल्या होऊन खाली पडायचं आणि सई तिथेच बसून खेळायची. मला ते ठाऊक होतं. पण तो शेंदूर नव्हे, तो देव, असं मी स्वतःला समजावलं होतं. त्याला हात लावायची माझी छाती होत नव्हती.

दवाखान्यातून मी तडक देवळात गेलो. दुपारची वेळ, पंडितजी आणि दोनचार बायका होत्या. मी चप्पलसुद्धा काढली नाही. म्हणालो, वीस वर्षं तुझी सेवा केली. पोरीसाठी नवस बोललो, तर तिच्याच तोंडात विष घातलंस? तुला एकदाही सांगता आलं नाही? एवढा बलवान म्हणवतोस आणि एका म्हाताऱ्याचा हात तुला धरता आला नाही? असंच आणखी बरंच बोललो. शेवटी घसा बसला आणि मी रडायला लागलो.

तेव्हा ते झालं. मूर्तीच्या खांद्याशी भेग दिसली, आणि चोल्याचा मोठा थर कमरेपर्यंत सुटून खाली आला. मी काही दावा करत नाही. मी सेवा थांबवल्यापासून नवा लेप बसला नव्हता, तेल सुकलं होतं, थर जड होता. दुसऱ्या दिवशीही पडला असता. बायका हात जोडून उभ्या राहिल्या. पंडितजी मूर्तीला हात जोडून म्हणाले, “बाबा ने चोला छोड़ दिया.” मी आत बघत होतो. काळ्या दगडाची मूर्ती, कोरीव डोळे, शांत चेहरा. वीस वर्षांत मी तो चेहरा पाहिलाच नव्हता. मला वाटायचं मारुती केवढा मोठा आहे. तो सईएवढाच होता. वाढवला होता तो आम्हीच. त्यानं मागितलं नव्हतं काहीच, आणि माझा हात त्यानं एकदा धरलाही होता, दवाखान्याच्या बाकावर. तो हात मी झिडकारला होता.

पंडितजी थर गोळा करायला वाकले. उतरलेला चोला नर्मदेत सोडायची पद्धत आहे. मी आडवा आलो. म्हणालो, ते पाणी लेकरं पितात, यातला एक कणही पाण्यात जायचा नाही. पुष्कळ वाद झाला. अखेर ओल्या फडक्यानं सगळं टिपून आम्ही ते पत्र्याच्या डब्यात बंद केलं. मग घरी येऊन मी अनघाला देवघरातल्या मारुतीचं खरं खरं सांगितलं, आणि सई दुसरीकडे असताना, हातमोजे चढवून, तो उचलून त्याच डब्यात ठेवला. वडिलांची क्षमा मागितली.  अनघानं देवघराची फळी आणि फरशी पुन्हा पुन्हा ओल्या फडक्यानं पुसून काढली. डबा मी दवाखान्याच्या सल्ल्यानं घातक कचरा नेणाऱ्यांच्या ताब्यात दिला.

औषधाचा दुसरा फेरा झाला. या वेळी उतरलेलं शिसं पुन्हा चढलं नाही. सगळं होतं तसं होईलच असं सांगता येत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, आणि त्याचा राग माझ्या मनात आहे. तो कुणी शांत करायला येऊ नये. देवळात आता नुसतं तेल आणि पानांची माळ वाहतात. काही लोक माझ्याशी बोलत नाहीत. मी जातो, रिकामे हात मांडीवर ठेवून बसतो. आपण काहीतरी चढवल्याशिवाय देव पावत नाही, हा हट्ट सोडणं म्हणजेच शरण जाणं, एवढं मला उशिरा कळलं. त्या बॅटरीवाल्या गृहस्थाला मी त्याच बाकाजवळ कितीदा तरी शोधलं. तो भेटला नाही. रोज मारुतीला नमस्कार केल्यावर दुसरा नमस्कार त्याला करतो.

दुसऱ्या फेऱ्याच्या शेवटच्या आठवड्यात अनघानं गुळांब्याची वाटी माझ्यापुढे धरली. “बाबा, आज तुम्ही द्या.” मी बेसिनपाशी गेलो, साबणानं तीनदा हात धुतले, नखं घासली. चमचा भरून तिच्यापुढे धरला. सईनं वास घेतला, नाक मुरडलं, माझा हात जोरात ढकलला आणि कित्येक महिन्यांनी तोंड उघडून माझ्यावर खेकसली, “आजोबा, शी! नको!”

आम्ही दोघं रडलो. सई रागावलेलीच होती.