शुभेच्छुक एका रेषेत

समता ही माणसानं हजारो वर्षं शोधलेली आणि फार थोड्यांच्या हाती लागलेली गोष्ट आहे. अमरावतीच्या ज्या फ्लेक्सच्या दुकानात मी डिझाइनं करायचो, तिथे ती कीबोर्डवर होती. हवे ते फोटो निवडायचे आणि 'टी' दाबायचा. सगळ्यांच्या वरच्या कडा क्षणात एका रेषेत.

साहेबांचा वाढदिवस होता. फ्लेक्सवर वरच्या भागात कमरेपर्यंतचे साहेब, हात जोडलेले. खाली शुभेच्छुकांची रांग, सगळे मागचा पडदा कापून घेतलेले. त्यांतल्या दोघांना दर्यापूरकडच्या एकाच जागेचं तिकीट हवं होतं. अशा माणसाला वर्तमानपत्रात इच्छुक म्हणतात. 'शुभ' फ्लेक्सपुरतं लागतं. तिकीट साहेबांच्या हातात, आणि साहेब फ्लेक्स पाहणार. म्हणून दोघांपैकी एक जण गॉगल कपाळावर चढवून माझ्या खुर्चीमागेच उभा राहिला होता. फोटोत त्याच्या डोक्यावर फेटा होता, कुणाच्या तरी लग्नातला.

मी टी दाबला.

"भाऊ, मी काय खड्ड्यात उभा आहो?"

"नाही. का?"

"मंग हा माह्याहून उंच काहून दिसून राहिला?" त्याचं बोट दुसऱ्या इच्छुकाच्या टकलावर होतं.

सॉफ्टवेअरचं चुकलं नव्हतं. त्यानं फेट्याचं टोक टकलाच्या बरोबरीला आणलं होतं. साहजिकच फेट्याखालचा माणूस वीतभर खाली गेला.

मग मी डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी रेषा ओढली. फोटो रेषेजवळ नेला की लोहचुंबकासारखा टक्कन चिकटतो, अशी सोय असते. चिकटला, पण फेट्याच्या टोकानं. चेहरा रेषेखाली लोंबकळत राहिला. पुन्हा ओढला, तर या वेळी खालची कड चिकटली आणि गडी थेट साहेबांच्या छातीवर जाऊन बसला. सॉफ्टवेअरला डोळे दिसत नाहीत, कडा दिसतात.

"असंच राहू द्या की," मागून आशेनं आवाज आला.

मी चिकटण्याची सोय बंद केली आणि हातानंच डोळ्याला डोळा लावला. नमुना सगळ्यांच्या मोबाइलवर गेला. चहा संपायच्या आत टकलाचा फोन.

"काय हो, त्याचा फेटा साहेबाच्या कोपराले लागून राहिला! मले काय डोक्स नाई?"

"आहे ना. त्यावर फेटा नाही, एवढंच."

"मंग घाला!"

प्रत्येक फ्लेक्सवाल्याच्या संगणकात एक सुटा फेटा असतो. आमचा गुलाबी होता. तो टकलावर बसवला. ते पाहून रांगेतल्या उरलेल्यांचेही फोन आले. मी सर्वांना फेटा दिला. तोच रंग, तीच घडी, डाव्या बाजूला तीच सुरकुती. आता फक्त एक फेटा वेगळा उरला, आणि तो इतरांपेक्षा उंच होता. मी तो पुसून गुलाबी चढवला.

"अहो, पण माहा तं खरा होता ना!" गॉगलवाला कळवळला.

"म्हणूनच जुळत नव्हता."

टी दाबला. टोकाला टोक, भुवईला भुवई. रांग इतकी सरळ आली की कोण कोणता, हे ओळखायला मलाच फाइलची नावं पाहावी लागली. दोन्ही इच्छुकांनी, एकानं दुकानात आणि दुसऱ्यानं आपल्या मोबाइलवर, स्क्रीनला पट्टी लावून पाहिली आणि दोघांचंही समाधान झालं.

फ्लेक्स चौकात लागला. साहेबांनी गाडीची काच खाली करून पाहिला आणि आपला फोटो जुना वापरल्याचं सोबतच्यांना सांगितलं. पुढच्या महिन्यात तिकीट जाहीर झालं. ते साहेबांच्या मेहुण्याला मिळालं. तो फ्लेक्सवर नव्हता.