भुंड्या बकऱ्यांचं घराणं

पिंपळगाव राजाच्या आठवडी बाजारात बकऱ्यांचा कळप आला की तो कुणाचा हे विचारावं लागत नसे. एकाही डोक्यावर शिंग नाही म्हणजे तो मंजुळाबाईंचा. आमच्याकडे बिनशिंगाच्या बकरीला भुंडी म्हणतात, आणि मंजुळाबाईंचा भुंडीवर इतका जीव की शिंगवाली बकरी दिसली तरी त्या पदर सावरून बाजूला व्हायच्या.

त्याला कारण होतं. लग्नानंतर सासरी आल्या तेव्हा अंगणाला पऱ्हाट्यांचं कुंपण होतं. कापूस वेचून झाला की उभ्या वाळक्या काड्या उपटायच्या आणि त्याच दाटून रोवायच्या, हे आपल्याकडचं फुकटातलं कुंपण. सासूची शिंगवाली बकरी त्या काड्यांत डोकं घालायची आणि अडकायची. मग बोंबलायची. मग घरातली नवी सून म्हणून तिला सोडवायला मंजुळाबाईंनी जायचं. एकदा सोडवता सोडवता बकरीनं अशी धडक दिली की मंजुळाबाई शेणाच्या टोपल्यात बसल्या, आणि सासू हसून हसून आडवी झाली. पुढच्या खेपेला माहेरून येताना आईनं एक भुंडी सोबत दिली. म्हणाली, "घे, ही कोठी अडकत नाही अन् कोणाले मारतही नाही." ती पहिली. तिच्यापासूनचं हे घराणं.

नवरा मोतीरामभाऊ कापूसवाला. बी.टी. कापूस आला तेव्हा ते गावभर सांगत फिरले की आता अळीचे दिवस भरले. काही वर्षं खरंच भरले होते. मग गुलाबी बोंडअळी परत आली, आणि २०१७च्या हंगामात तर बाहेरून हिरवंगार बोंड फोडलं की आत ही बसलेली, पाहुणी आल्यासारखी. त्या वर्षी घर तगलं ते बकऱ्यांवर. मंजुळाबाईंचा रुबाब वाढला.

"तुमचा कापूस अळीले, अन् चहा माह्या बकरीचा," त्या कपबशी पुढं करत म्हणायच्या.

मोतीरामभाऊ चहा भुरकत म्हणायचे, "हाव ना. मी आता तुह्याच दावणीले बांधून घेतो."

दोन-तीन वर्षांपूर्वी मंजुळाबाईंनी एक पक्का निश्चय केला होता. तोवर बकरी माजावर आली की ती कय्यूमभाईंकडे न्यायची रीत होती. कय्यूमभाई बकऱ्यांचे व्यापारी. त्यांच्याकडे हवालदार नावाचा बोकड होता. शिंगं अशी पिळदार की मिशांना ताव दिल्यासारखी. बोकड दाखवण्याबद्दल कय्यूमभाई काही घेत नसत. बकरी व्याली की पहिल्या चिकाचा वाटीभर खरवस त्यांच्या घरी गेला म्हणजे झालं. पण हवालदाराची निम्मी पिल्लं शिंगवाली निघायची. म्हणून मंजुळाबाईंनी आपल्याच कळपातला एक भुंडा बोकड वाढवला, त्याचं नाव नवरदेव ठेवलं, आणि शिंगवाल्या होत्या त्या सगळ्या विकून टाकल्या. वर भर बाजारात कय्यूमभाईंना ऐकवलं, "तुमच्या हवालदाराचं तोंड पाहून माह्या बकऱ्यायचं दूध आटते!"

कय्यूमभाईंनी छातीवर हात ठेवला. "वहिनी, मले काहीही म्हणा. हवालदाराले बोलू नका, त्याले रात्री झोप नाही येणार."

हसण्यावारी गेलं, पण खरवसाची वाटी बंद झाली.

नवरदेवाच्या राज्यात कळप देखणा झाला. त्यातली चांदी तर बघत राहावी अशी. रुंद छाती, जाड मान, हनुवटीला झुपकेदार दाढी. लेक प्रतीक्षा मोताळ्याला दिलेली, तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मंजुळाबाईंनी फोनवरच शब्द दिला: "पहिलं बाळंतपण इथं कर, अन् लेकरू घेऊन जाशीन तवा दुधाची बकरी संग देतो. मले माह्या मायनं देल्ली होती, तशी. चांदीच देतो तुले."

आणि चांदी काही गाभण राहीना.

नवरदेव झाला, मेथ्या झाल्या, बाजरीचा भरडा झाला. चांदी खायची, डुलायची आणि दुसऱ्या बकऱ्यांवरच उड्या मारायची. तिच्या अंगाला बोकडासारखा वास यायला लागला. तिच्यासारखीच आणखी एक निघाली. शेजारच्या गोजरबाई कुंपणावरून म्हणाल्या, "व माय मंजुळे, तुही बकरी नवरी हाय का नवरदेव?" मंजुळाबाईंना ते लागलं. शब्द दिला होता. लेकीच्या सासरी आता काय तोंड दाखवायचं?

संशय पहिल्यांदा मोतीरामभाऊंवर गेला.

"तुमच्या त्या फवारणीच्या कापसाचा पाला खाल्ला तिनं. त्यानंच झालं."

"थ्या कापसाले अळीही भीत नाही, अन् बकरी बिघडते?" मोतीरामभाऊ म्हणाले. तरी महिनाभर कळप शेताकडे फिरकू दिला नाही. फरक शून्य.

दिवाळीला मुलगा सागर अकोल्याहून आला. तो तिथं जैवतंत्रज्ञान शिकत होता, आणि घरात आजवर त्या शिक्षणाचा उपयोग फक्त मोबाईल दुरुस्त करण्यापुरता मानला जाई. त्यानं चांदीला उलटसुलट बघितलं, शेपटी उचलून बघितली, आणि विचारलं, "आई, हिचा बाप कोण?"

"नवरदेव."

"अन् माय?"

"मैना."

"म्हंजे दोघंही भुंडे." त्यानं कपाळाला हात लावला. "आई, हे तूच केलं."

"मी? मी का केलं बे?"

सागर ओट्यावर बसला. "पाह्य, पोटात पिल्लू घडते तवा कोणती गोष्ट कवा बांधायची, हे त्याच्या जनुकायच्या साखळीत असते. भुंड्या बकरीच्या साखळीतून एक तुकडा गळून पडला हाय. तो नाही म्हणून शिंग नाही. पण तोच तुकडा मादीचा बीजकोश बांधायचा हुकूमही देते. एकच गवंडी, दोन कामं. साखळ्या दोन असतात, एक मायची, एक बापाची. एकीत तुकडा शाबूत असला की बीजकोश बराबर बनते, अन् शिंग मात्र येत नाही. पण मायबापाकडून दोन्ही तुटक्याच आल्या, तर हुकूम द्याले कोणीच नाही. मग मादी व्हायचं पिल्लू अर्ध्या रस्त्यातून नराकडे वळते."

मंजुळाबाईंनी चांदीकडे पाहिलं. ज्या छातीवर, ज्या दाढीवर त्या भाळल्या होत्या, तीच खूण होती.

"म्हंजे गेलेल्या वस्तूनं नुकसानच होते," त्या म्हणाल्या.

"नेहमी नाही. सापाचे पाय असेच गेले, त्याचं काही अडलं का? आपल्या पूर्वजायचं शेपूटही गेलं. अन् बाबाची बोंडअळी घ्या. तिच्या आतड्यात एक कडी होती, बी.टी.चं विष तिथंच अडकायचं. ज्या अळ्यायची कडीच मोडकी निघाली, त्यायले विष धरत नाही. त्याच जगल्या, त्यायचीच पिल्लं वाढली."

मोतीरामभाऊ आतून ओरडले, "म्हंजे अळीनं गमावून कमावलं, अन् तुह्या मायनं कमावून गमावलं!"

"तुम्ही चूप बसा," मंजुळाबाई म्हणाल्या. "मले शेपूट असतं तर आता पायात घातलं असतं." पण त्यांचं डोकं चालू झालं होतं. "मंग आता?"

"जोडीत एक शिंगवाला पाह्यजे. दर खेपेले."

गावात शिंगवाले बोकड आणखीही होते. पण हवालदाराची पिल्लं कधी फसली नव्हती, हे मंजुळाबाईंइतकं कुणाला माहीत? मैना माजावर आली त्या सकाळी त्यांनी तिला दोरी लावली आणि निघाल्या. गोजरबाईंनी विचारलं, "कोठी?" तर म्हणाल्या, "पोलीस ठाण्यात."

कय्यूमभाई दारातच दात घासत उभे होते. त्यांनी आधी बकरीकडे पाहिलं, मग मंजुळाबाईंकडे, आणि सावकाश चूळ भरली.

"दूध आटन ना वहिनी."

"आटू द्या."

"हवालदार नाराज हाय. दोन-तीन वर्षं झाले, कोणी इचारलं नाही त्याले."

"मंग माफी त्याले मागू का तुम्हाले?"

"त्याले," कय्यूमभाई गंभीरपणे म्हणाले.

मंजुळाबाई खरंच गोठ्यात गेल्या. त्या पिळदार शिंगांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चुकलं बाप्पा." हवालदारानं त्यांचा पदर तोंडात धरला. कय्यूमभाईंच्या घरातून हसण्याचा एकच गलका उठला, आणि मैना आत गेली.

उन्हाळ्याच्या तोंडाला प्रतीक्षा बाळंतपणाला आली आणि त्याच आठवड्यात मैना व्याली. दोन पाठी, म्हणजे दोन्ही पिल्लं मादी. मंजुळाबाईंनी ओल्या पिल्लांच्या डोक्यावरून बोट फिरवलं. एकीच्या टाळूवर केसांचा एकच भोवरा, ही भुंडी. दुसरीला दोन भोवरे, जिथं शिंगं उगवतात तिथं. त्यांनी ते बोट तिथं जरा जास्त वेळ ठेवलं. संध्याकाळी खरवसाची वाटी कय्यूमभाईंकडे गेली.

प्रतीक्षाला मुलगी झाली. पावसाळा लागता लागता ती मोताळ्याला निघाली. कय्यूमभाईंची गाडी तिकडच्याच बाजाराला चालली होती. मंजुळाबाईंनी मैना दावणीची सोडली. कळपातली सगळ्यात दुधाची, आईच्या बकरीच्या वंशातली. मागून तिची भुंडी पाठ चढवली.

"आई, मैना नको," प्रतीक्षा म्हणाली. "तुह्याजवळ काय राह्यते मंग?"

"शब्द देल्ला होता ना मी. आता आइक. ही लहानी मोठी झाली की हिले भुंडा बोकड दाखवशीन नको. कितीही देखणा असो."

"अन् शिंगवाला मारकुटा निंघाला त?"

"निंघू दे. मारकुटा परवडते."

गाडी गेली. चांदी दाढी हलवत फाटकाशी उभी राहून बघत होती. तिला विकायचं मंजुळाबाईंच्या मनातही आलं नव्हतं. कळपाच्या पुढं चालायला तिच्याइतकं धीट कुणी नव्हतं. तेवढ्यात अंगणातून ओळखीची बोंब उठली. मैनेची मागं राहिलेली पाठ, बोटभर शिंगांची, पऱ्हाट्यांत डोकं घालून अडकली होती.

मंजुळाबाईंनी एक हात तिच्या मानेखाली घातला, दुसऱ्यानं काडी वाकवली आणि तिला सोडवलं. पिल्लानं लगेच धडक दिली. या खेपेला मागं टोपलं नव्हतं.

"आइकलं का!" त्या घराकडे तोंड करून ओरडल्या. "हे कुंपण काढा. उद्या जाळी आणा बाजारातून."

"काऊन?" आतून आवाज आला. "तीस वर्षं चाललं ना हे."

"आता घरात शिंगं आले हायत," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि वाळक्या काड्या स्वतःच उपटायला लागल्या.