नाना काकांनी निवडलेल्या बॅटऱ्या

वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत भुतांच्या नाहीतर मामाच्या लग्नाच्या गोष्टी सांगतात. मी फारशी बोलत नाही. पण बोलायचं ठरवलंच तर माझ्याकडे बॅटरीच्या गोष्टी आहेत. दिवाळी सरली आणि पाचगणीच्या वर आमच्या पठारावर धुकं बसू लागलं की आठवड्याला एक तरी नवी तयार होते. जुनी कुणाला सांगून होत नाही तोवर पुढची दारात उभी. ऐकणारे हसतात. मला हसू येत नाही, कारण त्या सगळ्या गोष्टींत ढकलणारी मी असते.

आमचा डिझेलचा ट्रक आहे. माझे वडील, म्हणजे आबा, तो चालवतात. पठारावरच्या शेतांतून बटाटा, गाजर, फ्लॉवर भरायचा आणि घाट उतरून वाई, सातारा, कधी सांगलीपर्यंत न्यायचा. माझी शाळा वाईला. आमच्याकडची पहिली एस.टी. शाळा भरल्यावर पोचते, म्हणून मी ट्रकनं जाते. ट्रक वेळेवर सुरू झाला तर मी वर्गात. नाही झाला तर वर्गाबाहेर.

ट्रकला दोन बॅटऱ्या लागतात. त्या कुठल्या घ्यायच्या हे नाना काका ठरवतात. ते आबांचे धाकटे भाऊ, मिलिटरीतून पेन्शनवर आलेले. तिथं ते गाडीवर होते एवढं खरं. गाडीवर म्हणजे नक्की कुठं बसायचे, हे काकीलाही माहीत नाही.

सकाळी बॅटरीनं मान टाकली की काका केबिनमधून डोकं काढून ओरडतात, "ढकला गं!" मग आई, काकी, शेजारची शेवंतामावशी, तिच्या दोन सुना आणि गळ्यात दप्तर अडकवून मी. गडीमाणसं त्या वेळी धारा काढायला गेलेली असतात. आबा स्टिअरिंगवर. काका आबांच्या शेजारी, कारण इंजिनाचा आवाज ऐकायला जवळ कुणीतरी जाणकार लागतो.

* * *

"उतारावर का लावत नाही गाडी?" असं शाळेत एका बाईंनी मला विचारलं.

लावत होतो. देवळाच्या अंगाला चांगला उतार आहे. चाकांना दगड लावून ठेवायची, सकाळी दगड काढायचे, गाडी घरंगळली की आबा क्लच सोडायचे आणि इंजिन धडधडायचं. बॅटरीचं नावसुद्धा निघायचं नाही.

एका संध्याकाळी काकांना शेकोटीजवळ बसायला दगड हवा होता. त्यांनी चाकाखालचा घेतला. ट्रक सरपंचांच्या गोठ्यात शिरला. म्हैस वाचली, गोठा वाचला नाही.

पंचायतीसमोर काका म्हणाले, "म्या एकच काढला व्हता. दुसऱ्यानं काय केलं ते त्याला इचारा."

तेव्हापासून ट्रक आमच्या दारात, सपाटीला. उतार सुरू होईपर्यंतचं अंतर आम्हा बायकांच्या वाट्याला आलं.

* * *

एकदा बॅटरी सांगलीत घेतली. बटाटा उतरवून झाला होता. भर दुपार होती, पायाखालचं डांबर मऊ झालेलं. सहामाहीची सुट्टी होती म्हणून मीही बरोबर गेले होते.

दुकानदार बॅटरी जोडून स्टार्टर मारायला निघाला, तर काकांनी त्याचा हात धरला. "स्टार्टर कुनाचा बी फिरतो. हॉर्न वाजवून दाव."

हॉर्न असा वाजला की समोरच्या टांग्याचं घोडं उधळलं. काका खूश. "हीच द्या. बॅटरीचा दम आवाजात कळतो."

दुसऱ्या दिवशी पठारावर गवत दवानं पांढरं झालं होतं. आबांनी स्टार्टर दाबला. टक. पुन्हा दाबला. टक. मग काकांनी हॉर्न दाबला. तो सांगलीहून मोठ्यांदा वाजला. गाडी निघाली असं समजून शेतकरी पोती घेऊन रस्त्यावर येऊन थांबले.

"बॅटरी एक नंबर हाय," काका म्हणाले. "इंजनच आळशी हाय." आणि हॉर्नवरचा हात न काढता ओरडले, "ढकला गं!"

हॉर्नला थंडी वाजत नाही, स्टार्टरला वाजते. हे ढकलणाऱ्या सगळ्या जणींना कळलं होतं. निवडणाऱ्यांना कळलं नव्हतं.

* * *

वाईच्या स्टँडमागे इस्माईलभाईंचं बॅटरीचं दुकान आहे. ते चढ्या आवाजात बोलतात आणि गिऱ्हाईक हटवादी असेल तर त्यांना जास्तच मजा येते.

"नाना, सांगलीच्या उन्हात कुटलीबी बॅटरी पैलवान," ते म्हणाले. "तुमच्या पठारावर सकाळी इंजनातलं ऑइल काकवीवानी घट्ट. ते फिरवायला दुप्पट जोर पायजे, आन् गारठ्यात बॅटरीचा जोर निम्मा ऱ्हातो. मोठ्या घ्या. आन् दोन्ही एकदम बदला."

"एकच गेलीया," काका म्हणाले. "जोडीतला एक बैल म्हातारा झाला म्हून दुसरा बी इकता का तुमी?"

"न्हाई इकत. पन म्हाताऱ्याशेजारी तरणा जुंपला की तरण्याची मान जाती."

"तरणा वढून नेतो म्हाताऱ्याला. तुमी दुकानदार, तुमाला शेतीतलं काय कळणार?"

"बरं, एक न्या," इस्माईलभाई म्हणाले. "संक्रांतीला भेटूच."

संक्रांतीच्या आधीच भेटले. तरणी बॅटरी म्हातारीइतकीच थकली होती. मग काकांनी म्हातारी बदलून नवी घेतली, आणि ही थकलेली नवीच्या शेजारी ठेवली. पुढच्या हिवाळ्यात उलटं. आमच्या ट्रकला दोन नव्या बॅटऱ्या एकाच दिवशी कधी लाभल्या नाहीत. पैसे नव्हते असं कुणी म्हणू नये. त्याच वर्षी ट्रकच्या कपाळावर दोन वाघ रंगवून घेतले होते. वाघ मात्र दोन्ही एकदम.

* * *

मग काकांना लडाख आठवलं. "तितं आमी इंजनाखाली जाळ धरायचो. मग बघा कसं उठतं."

त्यांनी काठीला फडकं गुंडाळलं, रॉकेलमध्ये बुडवलं, पेटवलं आणि ट्रकखाली सरकून ऑइलच्या भांड्याखाली धरलं. खोटं कशाला बोलू, ट्रक एका दमात सुरू झाला. काका दिवसभर पाचगणीच्या बाजारात लडाख सांगत फिरले.

ते फडकं म्हणजे माझा शाळेचा निळा स्कर्ट होता. दोरीवर वाळत होता.

"मला वाटलं जुना हाय," काका म्हणाले.

जुना होताच. दुसरा नव्हता. त्या दिवशी मी घंटेच्या आधी शाळेत पोचले, आणि गणवेश नाही म्हणून वर्गाबाहेर उभी राहिले.

* * *

त्यानंतर बॅटऱ्या घरात आल्या. संध्याकाळी ट्रकवरून सोडवायच्या आणि चुलीजवळ ठेवायच्या, म्हणजे सकाळी ऊबदार असतील. कल्पना वाईट नव्हती. पण चुलीजवळ उजेड असतो, तिथं मी अभ्यासाला बसते. मला उठवलं. शिवाय बॅटऱ्यांवर पांघरूण पाहिजे म्हणून काकांनी माझी गोधडी घेतली.

आई भाकरी थापत बघत होती. "ही पोरगी झाली तवा मला एवढा शेक मिळाला न्हवता," ती म्हणाली.

आबा म्हणाले, "तू कुटं गाडी ओढतीस?"

 आईनं पुढची भाकरी जरा जोरात थापली.

आठवड्याभरात बॅटरीतल्या अ‍ॅसिडनं गोधडीला मुठीएवढी भोकं पाडली. काकांना दाखवली तर म्हणाले, "हवा खेळती ऱ्हाती." ट्रक तरीही सुरू होत नव्हता, कारण जोडी अजून म्हाताऱ्या-तरण्याचीच होती.

* * *

यंदा मी दहावीला आहे. जुनी अकरावी मॅट्रिक जाऊन बोर्डाची परीक्षा दहावीलाच आली आहे, आणि शाळेत सगळेच धास्तावलेले आहेत. मोठ्या बाईंनी मला बोलावून वडिलांना आणायला सांगितलं.

आबा आले, पण ट्रकमधून उतरले नाहीत. फाटकापाशी गाडी उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं. मोठ्या बाई बाहेर आल्या. धुरानं त्यांना ठसका लागला.

"गाडी बंद करा आधी," त्या ओरडल्या.

"बंद केली तर ढकलायला हितं बायका कुटनं आणू?" आबांनी वरूनच विचारलं.

सगळ्या वर्गांच्या खिडक्या भरल्या होत्या. मी जमिनीकडे बघत उभी होते. बाईंनी इंजिनावर आवाज चढवून सांगितलं, "मुलगी हुशार आहे. पण आणखी एकदा उशीर झाला तर तिला पूर्वपरीक्षेला बसू देणार नाही. आणि पूर्वपरीक्षा नाही, तर बोर्डही नाही."

आबांनी मान हलवली आणि गिअर टाकला.

* * *

त्या संध्याकाळी जेवताना काकांनी तोडगा काढला.

"पोरगी शाळंत जाती म्हून उशीर हुतो," ते म्हणाले. "न्हाई गेली तर उशीर कसला? आन् सकाळी ढकलायला निवांत घावंल."

मी वाढत होते.  आबा काकांना झापतील म्हणून मी थांबले. आबा म्हणाले, "तसं बघाया गेलं तर खरं हाय. बॅटऱ्यांचं काय आज सुधरत न्हाई." आणि त्यांनी भाकरीसाठी ताट पुढं केलं.

आईनं भाकरी वाढली. मग ती शेवंतामावशीकडे विरजण मागायला गेली. घरात विरजण होतं.

सकाळी धुकं इतकं दाट होतं की दारातून ट्रकचं मागचं टोक दिसत नव्हतं. आबा आणि काका केबिनमध्ये चढले. स्टार्टर. टक.

"ढकला गं!"

ट्रक हलला नाही.

"ढकला गं, झोपला का समद्या?"

काका उतरले, चाचपडत मागं आले. मागं कुणी नव्हतं. तेवढ्यात वरून शेवंतामावशी खोकली.

आम्ही ट्रकच्या हौद्यात रिकाम्या पोत्यांवर बसलो होतो. आई, काकी, मावशी, तिच्या दोन सुना. मधे दप्तर मांडीवर घेऊन मी. मला काही ठाऊक नव्हतं. आईनं दंडाला धरून वर चढवलं होतं.

"वर काय करताय?" काकांनी विचारलं.

"बसलोय," आई म्हणाली.

"आन् ढकलायचं कुनी?"

काकी त्यांच्यासमोर कधी बोलत नाही. ती म्हणाली, "तुमी मिलिटरीत व्हता न्हवं?"

आबाही मागं आले. आई त्यांच्याशी बोलली, पण बघत होती माझ्या दप्तराकडे. "आवं, पोरगी घंटीच्या आत शाळंत गेली पायजे. तिला सोडा आन् वाईतनं दोन बॅटऱ्या आणा. मोठ्या. दोन्ही नव्या, एकाच दिशी. पोरगी शाळंत जाणार, रोज. आमी ढकलणार न्हाई, कवाच."

पलीकडच्या शेतातून कुणीतरी ट्रकला हाका मारत होतं. आबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी धुक्याकडे पाहिलं.

धारा काढून शेवंतामावशीचा नवरा आणि दोन्ही मुलगे परतले होते. आपापल्या बायका वर बसलेल्या बघून ते थबकले. मग त्यांनी चरव्या कडेला ठेवल्या. आबा स्टिअरिंगवर गेले. चौघांनी मागच्या फळीला हात लावले आणि काकांनी सगळ्यांत आधी जोर केला. त्यांचे दोन्ही पाय मागं घसरले आणि हनुवटी फळीवर आपटली.

आई फळीवरून खाली वाकली.

"चपला काढा भावजी," ती म्हणाली. "दवात पाय सरकतो."