डबलकडी सरांचं क्रियापद

डबलकडी सर इतकं मन लावून घाबरायचे की बघणाऱ्याला वाटावं, या माणसानं दुसरं कुठलंही काम हाती घेतलं असतं तर फार नाव काढलं असतं. पाल, पोळा फुटताना उधळणारे बैल, आर्वी डेपोत मागे येणारी एसटी, अनोळखी नंबरचा फोन, सगळ्यांना त्यांनी सारखाच मान दिला. रोहण्यात त्यांच्या दाराला आतून दोन कड्या होत्या. त्यावरून आम्ही पोरापोरींनी त्यांचं बारसं केलं. निवृत्तीनंतर त्यांनी वर एक लाकडी अडसरही बसवला, पण तोवर नाव रुळलं होतं.

आम्हाला ते इंग्रजी शिकवत. वर्गाचीही त्यांना भीतीच. तासाआधी ते दाराबाहेर उभे राहून अर्धा कप चहा पीत, क्षणभर डोळे मिटत आणि मग वाघाच्या गुहेत शिरावं तसे आत येत. वर्गातला आगाऊपणा माझ्याकडे होता, म्हणून एकदा विचारलं, "सर, बाहेर काय करता?"

"फोर्टिफाय करतो," सर म्हणाले. "स्वतःले."

त्या दिवशीचा धडा बाजूला राहिला. फळ्यावर त्यांनी बुरूज काढला. "पहिला अर्थ, जागा मजबूत करणं. राजानं गावाभोवती तट बांधला, म्हणजे गाव फोर्टिफाय केलं. दुसरा, खाण्यात पौष्टिक काही मिसळणं. दुधात जीवनसत्त्व टाकतात तसं. आपल्याकडं दुधात पाणीच टाकतात, म्हणून हा नुसता पाठ करून ठेवा. तिसरा, मन घट्ट करणं. हा परीक्षेत येत नाई, म्हणून कोणी शिकत नाई." पुढे दरवर्षी, दर वर्गाला त्यांनी हे क्रियापद असंच शिकवलं. धड्यात नसलं तरी.

मी लग्न होऊन पिपरी मेघेला गेले. काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या बायकोला, शीतलला, दिवस गेले. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून आठव्या महिन्यात मी रोहण्याला जाऊन राहिले. तिचं रक्त फार कमी होतं. आर्वीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, गोळ्या घ्या, नीट जेवा, नाहीतर बाळंतपण दोघांच्याही जिवावर बेतेल.

आणि नेमकं त्याच दिवसांत रेशनच्या तांदळात वेगळे दाणे दिसू लागले. जरा पिवळट, साच्यातून काढल्यासारखे एकसारखे. मोबाइलवर व्हिडिओ फिरला, प्लास्टिकचा तांदूळ आला म्हणून. मग काय, गल्लीत एक सूप रिकामं नव्हतं. बायका डोळ्यांत तेल घालून ते दाणे वेचत आणि कोंबड्यांपुढे टाकत. शीतलचा निवडलेल्या तांदळावरही भरवसा बसेना. "ताई, एखादा दाणा राह्यला तं? माह्या लेकराच्या अंगात प्लास्टिक जाईन." आधी तिनं भात सोडला. मग भीतीनं बाकीचं जेवणही उतरेना. ओठ पांढरे पडत चालले. 

एका दुपारी सर मला भेटायला आले. कोपऱ्यातल्या रेशनच्या पोत्यावर त्यांची नजर गेली. चष्मा पुसून त्यांनी छापलेली इंग्रजी अक्षरं वाचली, पुन्हा वाचली, आणि खाली बसले.

"पोरी, हे तं आपलंच क्रियापद. दुसरा अर्थ. रक्त वाढावं म्हणून त्या दाण्यांत लोह घातलं आहे. डॉक्टर जे वाढवा म्हणून राह्यले, ते तुम्ही कोंबड्यांले टाकून राह्यल्या."

मी अंगणात पाहिलं. खरं सांगते, आमच्या कोंबड्या त्या महिन्यात फार तेजःपुंज दिसत होत्या.

शीतल म्हणाली, "छापणाऱ्याचं काय जाते, सर? तुम्ही खाल काय?"

सरांचा चेहरा उतरला. उतरणारच. तो व्हिडिओ गावात पहिल्यांदा सरांनीच पाठवला होता.

"अर्धा कप चहा दे," ते मला म्हणाले. चहा पिऊन त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "न निवडता शिजवजो."

वरणभाताचं ताट समोर आलं तेव्हा दारात निम्मी गल्ली उभी होती. सरांच्या कपाळावरून घाम वरणात पडतो की काय असं वाटत होतं. पण त्यांनी शीत न् शीत संपवलं. शीतल म्हणाली, "उद्या सकाळी सर दिसले, तं मी खाईन."

सर रोज सातला बसस्टॉपवर पेपर घ्यायला येत. दुसऱ्या दिवशी सात वाजले, आठ वाजले, सर नाहीत. नऊला शीतल दाराची चौकट धरून उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना. आम्ही सरांच्या घरी धावलो. हाका मारल्या, दार बडवलं. आत हालचाल नाही. दोन कड्या, वर अडसर. त्या दारासमोर माझ्या मनात एकच विचार येत होता, त्यांना ताट मी वाढलं. भाऊ पहार घेऊन आला. त्यानं ती फटीत घातली, तेवढ्यात आतून अडसर सरकला. मग एक कडी. मग दुसरी.

अंगावर शाल, डोळे लाल. "रातभर पोटात काही होते काय, ते पाहून राह्यलो होतो," सर म्हणाले. "पहाटे डोळा लागला."

कुणीतरी हसलं. शीतल मात्र त्यांच्या पायरीवर बसून रडली. घरी येऊन म्हणाली, "ताई, भात टाका." गोळ्या आणि तो भात, दोन्ही तिनं शेवटपर्यंत घेतलं. मुलगी झाली. आता ती अंगणात कोंबड्यांमागे पळते.

सर पुढेही पालीला घाबरत राहिले. पण त्या दिवसानंतर त्यांनी आतून कडी लावणं सोडलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मी कड्या लावतो अन् बाहेर एवढे लोक घाबरतात. हे काही बरं नाई."

मागच्या हिवाळ्यात एका रात्री सर झोपेतच गेले. सकाळी ते पेपर घ्यायला आले नाहीत. भाऊ पहार घेऊन गेला. ती लागली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं.