घोडीचे थंडीचे केस

तीन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला : भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत हात वर न्यायचा. घरात नुकताच रंग दिलेला होता, म्हणून मी हे सोसायटीच्या मागच्या कुंपणभिंतीवर करत असे. भिंतीपलीकडे एक तबेला आहे. पत्र्याचं छप्पर, पुढे कडुनिंब आणि वरातीची एक पांढरी घोडी. मालक सत्तरीचे. त्यांचं कुटुंब येरवड्यात कित्येक पिढ्या आहे आणि धंदाही तोच. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी भिंतीवरून डोकं वर काढलं.

"साहेब, काही हरवलंय का भिंतीत?"

मी खांद्याबद्दल सांगितलं.

"मग भिंत कशाला घासताय? तिला काय आराम पडणार? इकडे या. घोडीला खरारा करा."

मी वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागातून निवृत्त झालो होतो आणि सकाळी मला कुठेही जायचं नव्हतं. मी गेलो.

खरारा म्हणजे दातेरी फणी. लोखंडाचा पाठीला आणि मांडीला, रबराचा मानेला. तोंडाला दोन्ही चालत नाहीत, तिथे ओला तळहात फिरवायचा. फणी आधी गोलगोल, मग केसांच्या दिशेने. चाचा काम करताना दातांतून 'स्स स्स' असा आवाज काढत. मला वाटलं, हे घोडीला शांत करायला. त्यांनी खुलासा केला, "तोंडात केस जाऊ नयेत म्हणून. बोलत राहिलात तर गिळाल."

पहिल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी घोडीचे थंडीचे केस सुटायला लागले. दर फेरीला फणी भरायची. शर्टवर, भुवयांवर, चहात केस. जमिनीवर पडलेले पुंजके बुलबुल उचलून न्यायचे. शिवरात्रीपर्यंत घोडी गुळगुळीत झाली आणि माझा हात तिच्या पाठीवरून पलीकडे पोचू लागला. डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम नियमित केलात वाटतं? मी हो म्हणालो.

दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. चाचांचा हिशेब पक्का होता : संक्रांतीनंतर सैल, शिवरात्रीला साफ, होळीला चकाचक. त्यांच्या वडिलांनीही हाच सांगितला होता.

यंदा होळी झाली आणि घोडीच्या अंगावरचा एक केस सुटला नाही.

ते केस दोन बोटं लांब होते, पिवळट आणि दाट. मार्चच्या दुपारी तिच्या मानेखाली घामाने चिकटून बसत. मी फणी जोरात ओढली तर तिने कान मागे पाडले. चाचांनी माझ्या हातातली फणी काढून घेतली आणि खुंटीला टांगली. 

कारण त्यांच्या बायकोने, चाचींनी, सांगितलं. या घोडीच्या आधी त्यांच्याकडे एक घोडा होता. म्हातारपणी त्याचे केस असेच सुटेनात. मे महिन्यात तो अंगभर केस घेऊन उभा असे, टबच्या टब पाणी पीत असे. मग त्याचे खूर दुखायला लागले, आणि शेवटी तो उठेना. "त्यांनी बघितलंय ते सगळं," चाची म्हणाल्या. "आता परत बघायचं नाही म्हणतात."

म्हणून चाचांनी ठरवलं होतं. त्यांच्या चुलतभावाची हडपसरच्या पुढे जमीन आहे. ईदनंतरच्या रविवारी टेम्पो येणार आणि घोडी तिकडे जाणार. चाची विरोधात होत्या. या घोडीला त्यांनीच दहा वर्षं खाऊ घातलं होतं. दोघं एकमेकांशी हिंदीत बोलायचे, भांडायचे मात्र माझ्यादेखत आणि मराठीत, बहुधा मी साक्षीला राहावं म्हणून.

"तिकडे तिला कोण बघणार? तुमचा भाऊ स्वतःच्या म्हशी बघत नाही."

"माळ आहे, हवा आहे."

"हवा इथे पण आहे. तुम्हाला तिचं मरण डोळ्यासमोर नको, एवढंच."

चाचा पाण्याची बादली घेऊन बाहेर गेले. 

मी एवढंच म्हणालो की आधी डॉक्टरांना दाखवू. चाचांना ते पटलं नाही, पण रोजे चालू होते आणि वाद घालायची ताकद ते संध्याकाळसाठी राखून ठेवत. दुसऱ्या दिवशी पशुवैद्य आल्या. तिशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी दात पाहिले, खूर उचलून पाहिले, मानेवरची चरबी चाचपली. पाणी किती पिते, विचारलं. ते मी आठवडाभर मोजत होतो : दिवसाला साडेतीन बादल्या, रोज जवळपास तेवढ्याच. जुनी सवय.

"खूर ठीक आहेत. मांस उतरलेलं नाही. पाणी जास्त नाही," त्या म्हणाल्या. "रक्त तपासायला पाठवते. यंदा काही बदललं का? खुराक, जागा, झूल?"

"काही नाही," चाचा म्हणाले. "सगळं तेच."

"तेच कसं?" चाची चुलीपाशी चहा गाळत होत्या. तो फक्त डॉक्टरांना आणि मला होता. "अंधार झाला की."

डॉक्टरांनी विचारलं, कसला अंधार.

तबेल्याच्या पलीकडे लग्नाचं लॉन आहे. तिथल्या खांबावर दोन मोठे दिवे होते, ते लग्न असो-नसो पहाटेपर्यंत जळायचे आणि तबेल्यात उजेड पडायचा. चाची बारा वर्षं खिडकीला चादर बांधून झोपल्या. दिवाळीनंतर ते दिवे काढले. "आता मला झोप लागते," त्या म्हणाल्या. "घोडीचं माहीत नाही."

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. घोड्याचे केस थंडीने वाढत नाहीत आणि उन्हाने गळत नाहीत, त्यांनी समजावलं. दिवस केवढा झाला ते डोळे मोजतात, त्यावर शरीर ठरवतं. इतकी वर्षं त्या दिव्यांमुळे घोडीला भर डिसेंबरात वाटायचं की दिवस मोठे झाले. ती लवकर मोकळी व्हायची. यंदा तिला खरी रात्र मिळाली. "कदाचित ती उशीर करत नसेल. आधी घाई करायची. पण कदाचितच. रक्ताचा अहवाल येऊ द्या."

चाचांच्या वडिलांच्या काळात लॉन नव्हतं, पण वरातीचे घोडे लग्नसराईत रोज गॅसबत्त्यांच्या उजेडात असत. चाचा ज्याला ऋतूचा हिशेब समजत होते तो दिव्यांचा होता. आणि तो आजारी घोडा दिव्यांखाली असूनही मोकळा झाला नव्हता. तो दिवे असताना केसाळ राहिला, ही दिवे गेल्यावर : दोन्ही गोष्टी समोर होत्या. त्या शेजारी ठेवून कोणी पाहिल्या नव्हत्या. मीही नाही.

एक गोष्ट फक्त मला माहीत होती, आणि ती सांगणं भाग होतं. ते दिवे सोसायटीच्या तक्रारीवरून काढले गेले होते. उजेड आमच्या बेडरूममध्ये येत होता. तक्रारीचा अर्ज मी लिहिला होता. एक पान, अकरा मुद्दे, एकही विशेषण नाही. भिंतीपलीकडे कोण राहतं हे मला तेव्हा चांगलंच माहीत होतं, पण त्यांना विचारावं असं सुचलं नव्हतं.

मी हे सांगितलं. चाचांनी खुंटीवरची फणी काढली.

"म्हणजे माझी घोडी तुम्ही आजारी पाडलीत."

"आजारी नसेल ती," डॉक्टर म्हणाल्या.

"मग तिला केसाळ तुम्ही केलंत. अर्ज करून." त्यांनी फणी माझ्या हातात दिली. "आता अर्ज करूनच काढा."

चाची म्हणाल्या, "साहेब, अर्जाबद्दल माझ्याकडून शुक्रिया. बारा वर्षांनी झोपले."

मशीनने केस काढता येतील, असं डॉक्टर जाताना म्हणाल्या. चाचांनी साफ नकार दिला. मशीन लावलेल्या घोडीवर कुठला नवरदेव बसणार? पण खरं कारण दुसरं असावं. मशीनने काढलेल्या केसांवरून घोडी बरी आहे की नाही ते कळलं नसतं.

पुढचे दोन आठवडे मी रोज गेलो. जोर न लावता, अर्धा तास एका बाजूने, अर्धा तास दुसऱ्या. चाचा उपाशीपोटी शेजारी उभे राहून चुका काढत. फणीत पाच-सहा केस येत आणि चाचा ते उजेडात धरून बघत. त्या घरात मला कोणी पाहुण्यासारखं वागवलं नाही. नोकरीत बातमीदार असताना मी शेकडो लोकांच्या दारात उभा राहिलो आणि माहिती घेऊन निघून आलो. इथे मला काम दिलं गेलं, आणि चूक कबूल केल्यानंतरही ते काढून घेतलं गेलं नाही. याबद्दल आभार कसे मानायचे ते मला कळलं नाही. मी वेळेवर जात राहिलो.

अहवाल ईदच्या आदल्या दिवशी आला. दोष नाही. मी तो चाचांना वाचून दाखवला.

"रक्त तिचं आहे," ते म्हणाले, "पण कागद त्यांचा."

टेम्पो ठरलेलाच राहिला. ईदच्या दिवशी चाचींनी शीरखुर्म्याचा वाडगा माझ्या हातात दिला आणि घोडीला खाऊ घालायला गेल्या.

शनिवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे मानेपासून सुरुवात केली. दुसऱ्या फेरीला फणी जड लागली. पाहिलं तर दाते भरले होते. झटकून पुन्हा फिरवली, पुन्हा भरली. मी चाचांना हाक मारली नाही, फक्त फणी वर धरली. ते आले. त्यांनी घोडीच्या खांद्यावर चिमूट धरून ओढली, आणि बोटांत पिवळट केसांचा पुंजका आला. आणखी एक चिमूट. घोडीने मान लांब केली, वरचा ओठ पुढे काढला आणि डोळे अर्धे मिटले. तिला खाजत असणार, कितीतरी दिवसांपासून.

चाचा तिच्या मांडीपाशी गेले, तिथूनही केस आले. मग त्यांनी रबराची फणी उचलली आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केली.  तासभर आम्ही दोघंही 'स्स स्स' करत होतो. जमिनीवर घोट्याएवढा थर साचला. चाची दारात येऊन उभ्या राहिल्या, मग आत गेल्या आणि फोन घेऊन आल्या. चुलतभावाचा नंबर त्यांनीच लावून दिला.

पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "उद्या धा वाजता टेम्पो येतोय. ड्रायव्हर तयार हाय."

"नको पाठवू."

"का रं? गेली का काय?"

"तुझ्याकडे यायच्या विचारानेच बरी झाली," चाचा म्हणाले आणि फोन ठेवला.

चाची हसल्या नाहीत. त्यांनी घोडीच्या कपाळावर ओला तळहात फिरवला, चिकटलेले केस साडीला पुसले आणि चहा टाकायला गेल्या. या वेळी चाचांसाठीही.

मी शर्ट झटकून निघालो तेव्हा चाचा गुडघ्यावर बसून घोडीच्या खालून बघत होते.

"साहेब, उद्या लवकर या," ते तिथूनच म्हणाले. "पोट सगळं राहिलंय."